खवरे सरांचं प्रमाण विचलन

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा प्रा. जोतीराम खवरे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेत होते. हजेरीला फार वेळ लागत नसे. पटावर चौदा नावं होती आणि समोर चार चेहरे, त्यातला एक खिडकीबाहेर वळलेला. शिपाई दारात येऊन म्हणाला, प्राचार्यांनी बोलावलंय, आणि येताना पाणी पिऊन या असंही सांगितलंय. खवरे सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि भूगोल विभागप्रमुखाला शोभेल अशा चालीनं ते निघाले. विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुखपदावरून तेवीस वर्षांत कधी वाद झाला नव्हता.

कागल रस्त्यावरचं हे कॉलेज लहान. मागे ऊस, पुढे वडापावचा गाडा, मध्ये दोन मजले. प्राचार्य डॉ. विजयसिंह इंगवले टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले होते आणि समोर पत्र पालथं पडलं होतं. मजकूर थोडक्यात असा : चार वर्षांपूर्वी तुमच्या कला शाखेत पहिल्या वर्षाला अठ्ठावन्न जणांनी प्रवेश घेतला, त्यांतले पदवी घेऊन बाहेर पडले एकवीस. उन्हाळी परीक्षेनंतर हा आकडा वाढून प्रवेशाच्या निम्म्यावर गेला नाही, तर कला शाखेचं तिसरं वर्ष बंद करण्यात येईल. तिसरं वर्ष बंद म्हणजे खवरे सर अतिरिक्त, आणि अतिरिक्त म्हणजे सरकार पाठवील तिकडे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ज्या महाराष्ट्राचा नकाशा ते फळ्यावर डोळे मिटून काढत, त्याच्या कुठल्या कोपऱ्यात आपण जाऊन पडू हे त्यांना सांगता येईना.

“निम्मे म्हणजे एकोणतीस. आपल्याला आठ जण कमी पडतात,” प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी हेडक्लार्क बाबालाल मुल्लाणींकडं बघितलं. बाबालाल कॉलेजचं चालतंबोलतं रजिस्टर. कोणत्या साली कुणाचं आडनाव चुकीचं छापलं गेलं हेसुद्धा त्यांना पाठ. त्यांनी सांगितलं, सव्वीस जण तर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून गेलेत, ते काही आता हाताला लागत नाहीत. पण अकरा जण अगदी काठावर आहेत. प्रत्येकाचा फक्त एकच पेपर राहिलाय. प्राचार्यांचा चेहरा खुलला. पेपर कोणता, त्यांनी विचारलं.

बाबालालांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडं बघत म्हणाले, “भूगोल. संख्याशास्त्राचा.”

“अकराच्या अकरा?”

“व्हय सर. समद्यांचा.”

विषयच अवघड आहे, असं खवरे सर आजवर सांगत आले होते आणि लोक ते मानतही आले होते. आता ते वाक्य त्यांनी मनात म्हणून बघितलं, तर ते नेहमीसारखं वजनदार वाटेना. प्राचार्यांनी चहा मागवला. खवरे सरांच्या पुढ्यात कप ठेवताना शिपायानंसुद्धा त्यांच्याकडं जरा सहानुभूतीनं बघितल्यासारखं वाटलं, आणि हे सगळ्यात जास्त लागलं.

घरी त्यांनी पत्नीला, शालनताईंना, सगळं सांगितलं; मात्र पेपर कुणाचा ते गाळलं. शालनताईंनी नेमकं तेच विचारलं. मग म्हणाल्या, त्या पोरांना जाऊन भेटा की. आता हे बोलणं घरात राहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण शेजारचे बाळासो मगदूम त्या वेळी कढीपत्ता मागायला दारात उभे होते. बाळासो एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं एसटीतला उपाय असे. ते म्हणाले, गाडी सुटायच्या आधी पुकारा करायला लागतो. पुकारा केला की कँटीनमधले, झोपलेले, भांडत बसलेले सगळे प्रवासी आपोआप गाडीशी येतात. तुम्ही एक रिक्षा घ्या, तिच्यावर कर्णा लावा आणि नावं पुकारा.

खवरे सरांनी ही सूचना हसण्यावारी नेली. दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून प्राचार्यांना सांगितली. प्राचार्यांना त्यात गंमत दिसली नाही. त्यांना त्यात योजना दिसली. प्रवेशाची जाहिरात करायला अशीही रिक्षा फिरतेच, तिलाच चार ओळी वाढवून देऊ, ते म्हणाले. त्या चार ओळी खवरे सरांनीच लिहिल्या, आणि शुद्धलेखन दोनदा तपासलं.

रिक्षा शिरोली एमआयडीसीतनं फिरली ती नेमकी दुपारी, कारखान्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. कर्णा सांगत होता, ‘तोहिद शिकलगार यांचा भूगोल राहिलेला आहे. त्यांनी तो त्वरित पूर्ण करावा. संपर्क, प्राध्यापक खवरे.’ ऐकणाऱ्यांत, तोहिद ज्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला होता तिथली दोनशे माणसं होती. त्यांना दोन दिवस हसायला पुरलं. पण ऐकणाऱ्यांत पलीकडच्या पॅकिंगच्या कारखान्यातले एक गृहस्थही होते, आणि त्यांच्या मुलीशी, तहरीमशी, तोहिदचं लग्न ठरलं होतं. स्थळ सांगताना तोहिदच्या मामानं मुलगा बी.ए. झालाय असं सांगितलं होतं. मामाचं म्हणणं, एका पेपरानं काय फरक पडतो. तहरीम स्वतः बी.कॉम., तेही पहिल्या फटक्यात. तिनं निरोप पाठवला की फसवून सुरुवात नको. निकाल हातात घेऊन या, मग तारीख काढू.

खवरे सर फौंड्रीच्या फाटकावर पोचले तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. जुना विद्यार्थी पाया पडायला येईल अशा बेतानं त्यांनी चेहरा प्रसन्न ठेवला होता. तोहिद आला तो ढांगा टाकत. त्यानं शिवी दिली नाही, पण तिच्या जागी जो ‘सर’ म्हटला तो तसाच ऐकू आला. घडलेलं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. खवरे सरांचा प्रसन्न चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी क्षमा मागितली. तेवीस वर्षांत विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे शब्द जरा चुकीच्या क्रमानं आले.

“क्षमा ऱ्हाऊ दे,” तोहिद म्हणाला, “पेपर देतो मी. पण शिकवायला तुमी हिकडं यायचं. मला सुट्टी न्हाय.”

अशा तऱ्हेनं फौंड्रीच्या कँटीनमध्ये, दिवसपाळी सुटल्यावर चार वाजता, खवरे सरांचा वर्ग सुरू झाला. अकरांपैकी एक जण सैन्यात भरती होऊन प्रशिक्षणाला गेलेला. एक पुण्यात, त्यानं फोन उचलला, ‘भूगोल’ हा शब्द ऐकला आणि ठेवून दिला. राहिले नऊ. त्यातले आठ शिरोलीच्या आसपास कामाला होते, ते सायकलीवर, मोटारसायकलीवर येऊ लागले. पहिल्या दिवशी खवरे सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, ‘प्रमाण विचलन म्हणजे माध्यापासून घेतलेल्या विचलनांच्या वर्गांच्या माध्याचे धन वर्गमूळ होय.’ हे वाक्य ते एका श्वासात म्हणू शकत. मुलं निमूटपणे लिहून घेऊ लागली. यशराज नावाच्या एकानं तर अक्षरही सुंदर काढलं. तोहिदनं मात्र पेन खाली ठेवलं आणि सरांना आत, यंत्रांच्या बाजूला नेलं.

भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर रोजच्या ओतकामाची जाडी मोजून ठिपके मारले होते, मध्ये एक रेघ, वर-खाली दोन रेघा. तोहिद म्हणाला, मधली रेघ म्हणजे सरासरी, आणि ठिपके तिच्यापासून किती फाकतात ते मोजायचं म्हणजे सिग्मा. ठिपके फाकले की माल परत येतो. खवरे सर त्या तक्त्यासमोर उभे राहिले. हे सिग्मा म्हणजेच प्रमाण विचलन. ज्या पेपरात हा मुलगा दोनदा नापास झाला होता, तो पेपर तो रोज सकाळी आठ ते चार सोडवत होता.

“हे तुला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“आमच्या सुपरवायझरनं.”

“किती दिवस लागले?”

तोहिद जरा संकोचला. खोटं बोलावं असं त्याला वाटलं असावं, पण त्या बाबतीत तो नुकताच पोळला होता. “अर्धा तास,” तो म्हणाला.

खवरे सर बसनं घरी आले. जेवताना त्यांनी आमटीत मीठ जास्त आहे असं सांगितलं, जे नव्हतं. शालनताईंनी भात वाढला. मग खवरे सर म्हणाले, “अर्धा तास गं.” आणि ताटावरून उठले.

नववी विद्यार्थिनी पूर्णिमा. ती लग्न होऊन कुरुंदवाडला गेलेली, आठ महिन्यांची मुलगी कडेवर. तिला शिरोलीला येणं शक्य नव्हतं, म्हणून रविवारी पहाटेची एसटी पकडून खवरे सर कुरुंदवाडला गेले. पूर्णिमाच्या सासूबाई, तानाबाई, घरासमोरच दूध संकलन केंद्र चालवत. सर पोचले तेव्हा किटल्यांची रांग लागली होती आणि तानाबाई दुधाचं फॅट काढणाऱ्या यंत्रापाशी बसून प्रत्येक किटलीसोबत तिच्या मालकाचाही निकाल लावत होत्या. त्यांनी सरांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. मग विचारलं, पावणं कुठलं? सरांनी ओळख सांगितली. तानाबाईंनी सरांना वरपासून खालपर्यंत असं बघितलं की सर मनातल्या मनात स्वतःचं फॅट मोजू लागले.

पूर्णिमा पेपर द्यायला एका पायावर तयार होती. “मी करतो की सर अभ्यास,” ती म्हणाली, “पण मला ते विचलन काय असतंय तेच कळलं नव्हतं. लिहून घेतलतो, पाठ केलतो, पेपरात उलटं लिहिलतो.” खवरे सर या वेळी व्याख्येकडं गेले नाहीत. फौंड्रीतल्या तक्त्याची गोष्ट सांगू लागले. पण इथं ओतकाम कुणी बघितलेलं? ते अडखळले. शेवटी यंत्राशेजारच्या वहीकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं की यात कुणाची सरासरी सारखी निघते का. उत्तर दिलं तानाबाईंनी, मान वर न करता.

“ही दोन घरं बघा. दोघांचं बी सरासरी फॅट साडेसहा. पण ह्येचं रोज साडेसहाच्या आसपास. आन् त्येचं आज आठ, उद्या पाच. ह्येचं दूध मी डोळं झाकून घेती. त्येच्या किटलीत रोज वाकून बघाय लागतंय. सरासरीवर जाऊन चालतंय व्हय? माणूस किती हिकडंतिकडं करतोय ते बघाय नको?”

पूर्णिमा सासूकडं बघत राहिली, मग सरांकडं. “एवढंच हाय?” ती म्हणाली.

“एवढंच आहे,” खवरे सर म्हणाले. त्यांनी ती दोन घरांची आकडेवारी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात फौंड्रीतल्या मुलांना दूध आणि पूर्णिमाला ओतकाम असं दोन्ही सांगितलं. मुलं प्रश्न विचारू लागली. खवरे सरांच्या वर्गात प्रश्न विचारले जाण्याची सवय कुणालाच नव्हती, सरांना तर मुळीच नाही. पहिल्या प्रश्नाला ते दचकून मागं बघायला लागले.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं, पण परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. पूर्णिमानं तो सासरच्या नावानं भरला आणि संगणकानं तो तीनदा नाकारला. बाबालाल म्हणाले, प्रवेश माहेरच्या नावानं झालाय, तर पदवीही त्याच नावानं निघणार. नाव बदलायचं तर राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि पुढचं वर्ष. हे कुरुंदवाडला कळल्यावर तानाबाईंनी फॅटचं यंत्र बंद केलं. सून आमची आन् डिग्री म्हायेरची, असा त्यांचा सरळ सवाल. रात्रंदिवस पोर सांभाळायची आम्ही आणि नाव लागायचं त्यांचं. खवरे सरांनी नियम समजावला, मग पुन्हा समजावला, मग नियम करणाऱ्यांच्या वतीनं माफी मागितली. अखेर तानाबाई एका अटीवर राजी झाल्या : परीक्षेला सुनेबरोबर त्या स्वतः येणार आणि खरंच लिहिते का ते बघणार.

परीक्षेच्या दिवशी त्या आल्या, बाळाला घेऊन. पण आत सोडण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय नियम असा, की ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या शिक्षकानं इमारतीत थांबायचं नाही. त्यामुळे खवरे सरही फाटकाबाहेर, वडापावच्या गाड्याशेजारी. तानाबाईंना खिडकीतून सून दिसते का बघायचं होतं, म्हणून त्यांनी बाळ सरांच्या हातात दिलं आणि इमारतीभोवती फेरी मारायला निघून गेल्या. बाळ रडू लागलं. सरांना अंगाई येत नव्हती. त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुकावार पर्जन्यमान चालीवर म्हणायला सुरुवात केली. गगनबावड्यापाशी बाळ गप्प झालं आणि शिरोळला पोचेपर्यंत झोपलं. हा प्रसंग बाळासो मगदूमांनी, जे पोरं वेळेवर सुटली की नाही हे बघायला मुद्दाम आले होते, मोबाईलवर टिपला आणि गल्लीच्या ग्रुपवर ‘सरांना नात झाली’ असं टाकलं. खवरे सरांचा मुलगा अजून अकरावीत होता. शालनताईंना त्या दिवशी बावीस फोन आले.

निकाल लागला. नऊपैकी आठ पास. एकवीस अधिक आठ, एकोणतीस. बरोब्बर निम्मे. प्राचार्यांनी खवरे सरांना मिठी मारली. नापास झाला तो एकटा यशराज. चौकशी केल्यावर कळलं, की त्यानं वर्गातलं नवीन सगळं बाजूला ठेवून सरांच्या जुन्या नोट्स अगदी शब्दशः पाठ केल्या होत्या.

पण मिठी सुटते न सुटते तोच दुसरं पत्र आलं. या पेपरात गेल्या दोन परीक्षांत आपल्या केंद्रावरच्या या विद्यार्थ्यांपैकी एकही पास झाला नव्हता. आता एकदम आठ. सबब सामूहिक कॉपीचा संशय असून निकाल राखून ठेवण्यात येत आहे. चौकशी समिती येईल. आधी पास होत नाहीत म्हणून जाब, आता पास झाले म्हणून जाब. तोहिद त्या संध्याकाळी खवरे सरांच्या घरी येऊन नुसता बसून राहिला. तहरीमच्या घरी मंडप ठरवायला निघालेली माणसं अर्ध्या वाटेतनं परतली होती. खवरे सरांनी त्याला जेवून जायला लावलं. अतिरिक्त होण्याची भीती आता मनात कुठंच नव्हती, हे त्यांचं त्यांनाच जरा नवीन वाटलं. या पोरांना कुणी चोर म्हणावं, एवढं एकच त्यांना सहन होत नव्हतं.

समितीत दोघं होते. अध्यक्ष संख्याशास्त्राचे, कोरड्या चेहऱ्याचे. त्यांनी आठही जणांना ओळीनं बसवलं आणि एकेकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तोहिदनं फळ्यावर तक्ता काढला, ठिपके मारले, आणि कुठल्या ठिपक्याला माल परत येतो ते सांगितलं. पूर्णिमानं दोन घरांचं दूध सांगितलं, आकडे घेतले आणि गणित शेवटपर्यंत सोडवलं. अध्यक्षांनी विचारलं, आकडेवारी कुठली? मागच्या बाकावरून, नातीला घेऊन बसलेल्या तानाबाई म्हणाल्या, माझ्या केंद्रातली, आणि ज्याचं फॅट पाच लागतंय त्याचं नाव पाहिजे असेल तर तेही देते. अध्यक्षांच्या कोरड्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

मग ते खवरे सरांकडं वळले. “प्रमाण विचलन म्हणजे काय ते तुम्ही सांगा.”

खवरे सर उभे राहिले. तेवीस वर्षांची सवय घशाशी आली, आणि ते एका श्वासात म्हणून गेले, “माध्यापासून घेतलेल्या विचलनांच्या वर्गांच्या माध्याचे धन वर्गमूळ होय.” अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं.

अहवाल आठ दिवसांत आला. कॉपीचा संशय निराधार असून निकाल जाहीर करण्यात यावा, विद्यार्थ्यांची विषयाची समज उत्तम आहे. शेवटी एक ओळ होती : विषयशिक्षकांचे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांच्या तुलनेत क्लिष्ट वाटले; त्यांना उजळणी वर्गास पाठवावे. प्राचार्यांनी ती ओळ वाचताना आवाज खाली आणला. बाबालालांनी पुन्हा संस्थापकांच्या फोटोकडं बघितलं. खवरे सरांनी अहवाल हातात घेतला, ती ओळ स्वतः एकदा मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, बरोबर आहे. तोहिदच्या लग्नात त्यांना नवऱ्या मुलाच्या शेजारी बसवलं. तहरीमनं त्यांना विचारलं, उजळणी वर्ग कधी आहे सर? म्हणजे बातमी तिथंही पोचली होती.

जुलैत प्रवेश सुरू झाले. खवरे सर पोर्चमध्ये टेबल मांडून बसले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. मग रिक्षातून तानाबाई उतरल्या. सरांना वाटलं, पूर्णिमाची पदवी न्यायला आल्या असतील. नावावरून पुन्हा काही निघतंय की काय म्हणून त्यांनी आधीच नम्र चेहरा केला. तानाबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. बारावी पास, कला शाखा. लग्नाच्या आदल्या वर्षीचा. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या, पण गुण चांगले होते.

“प्रवेश पाहिजे,” त्या म्हणाल्या. “सकाळचं दूध घालून आठच्या गाडीनं यीन.”

बाबालालांनी सरांना जरा बाजूला घेतलं. त्यांची काळजी हिशेबी होती : बाईंचं वय एक्कावन्न, घर, केंद्र, नात, तीन वर्षांत या सुटल्या नाहीत तर टक्का परत घसरेल. खवरे सरांनी ऐकून घेतलं. परत टेबलाशी आले, अर्ज उघडला आणि नाव लिहायला घेतलं. माहेरचं लिहू की सासरचं, त्यांनी विचारलं. तानाबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, म्हायेरचं लिवा, आई खूश होईल.

सही करायच्या आधी त्यांचा हात थांबला. “सर, पर ह्या वयात डोक्यात शिरंल का? मी नापास झाली तर?”

खवरे सरांनी अर्जावर क्रमांक एक घातला आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं.

“तर दोघं नापास होऊ,” ते म्हणाले. “करा सही.”